आउटबॉक्समधली स्थळं

आमच्या ऑफिसातला मेलचा जुना सर्व्हर कपाटात राहायचा. वरच्या कप्प्यात चहाचे कप, मधल्या कप्प्यात द्राक्षाच्या पेट्यांना लावायची लेबलं आणि खालच्या कप्प्यात तो. उन्हाळ्यात तापायचा म्हणून कपाटाचं दारच काढून ठेवलेलं. मग तो सारखा बंद पडायला लागला आणि चेअरमननी मीटिंगमध्ये ठरवून टाकलं, की मेल आता भाड्याच्या जागेत न्यायचे. ही भाड्याची जागा कुठे असते ते त्यांना माहीत नव्हतं आणि मलाही. पुण्याहून एक सर्व्हिसवाला आला, दोन दिवस बसला, सगळे मेल हलवले आणि "काही लागलं तर फोन करा" म्हणून गेला. असं म्हणून जाणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो, कारण लागतंच.

ओतूरजवळच्या एका शेतकरी कंपनीत मी क्लार्क आहे. द्राक्षं, टोमॅटो, कांदा, येईल तो माल निवडायचा, भरायचा आणि बाहेर धाडायचा, हे कंपनीचं काम. त्याची पत्रं लिहायची, हे माझं. इतकी वर्षं मला मेलमधल्या तीन जागा माहीत होत्या: आलेलं कुठं, गेलेलं कुठं, फेकलेलं कुठं. त्यावर माझा संसार चालला होता.

मेल हलवल्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्क्रीन उघडली आणि डाव्या बाजूला फोल्डरांची ही लांब रांग. 'सेंट' होतं आणि त्याच्या खाली 'सेंट आयटम्स'ही होतं. 'ट्रॅश' होतं आणि 'डिलीटेड आयटम्स'ही. 'जर्नल' नावाचं एक रिकामंच. 'सिंक इश्यूज' म्हणून एक, आणि त्याच्या पोटात आणखी तीन: 'कॉन्फ्लिक्ट्स', 'लोकल फेल्युअर्स', 'सर्व्हर फेल्युअर्स'. यातलं एकही मी केलेलं नव्हतं. चेअरमन मागून डोकावले.

"भाऊ, हे फेल्युअर कुनाचं? मागच्या कंटेनरचं तर न्हाई?"

"नाही साहेब. आपोआप आलंय."

"आपोआप गवत येतं राव. फेल्युअर कराय मानूस लागतो," म्हणाले आणि माझ्याकडे बघत बाहेर गेले.

मी एकेक फोल्डर काढून टाकायला गेलो. 'हे सिस्टीम फोल्डर आहे, काढता येणार नाही' असं उत्तर. सर्व्हिसवाल्याला फोन लावला.

"ते जुन्या सर्व्हरचे आहेत साहेब. तिकडे त्यांना काम होतं, इकडे नाही. सामानाबरोबर आलेत."

"मग काढा की."

"आत काही असेल तोवर निघत नाहीत. तुम्ही आतलं ज्याच्या त्याच्या जागी हलवा. रिकामे झाले की मी इथून उडवतो."

"आणि ज्याला जागाच नाही, ते कुठं हलवू?"

"असं काही नसतं साहेब," म्हणाला. त्याचं वय कमी असणार.

मला हा प्रकार अगदीच अनोळखी होता असं नाही. पिंपरी पेंढारला आमच्या घरात बैठकीच्या भिंतीत एक देवळी आहे. आजोबांच्या पिढीनं धर्म बदलला तेव्हा घरातले देव गेले, देवळी राहिली. ती भिंत दगडमातीची, घराचा अर्धा भार तिच्यावर, त्यामुळे देवळी बुजवायला कुणी हात लावला नाही. बुद्धाची मूर्ती आम्ही दुसऱ्या भिंतीपाशी टेबलावर ठेवली. देवळीत कधी कंदील, कधी गोळ्या-औषधं, आणि शेजारी बटण बसवल्यापासून चार्जिंगला लावलेले मोबाईल. घर नवं केलं तरी ती तशीच. पण देवळी निदान एकच आहे, आणि ती आत ठेवलेलं आपणहून कुणाला पाठवत बसत नाही.

मला अर्धवट काम दिसलं की चैन पडत नाही. बायको म्हणते, हा गुण नव्हे, खोड आहे. मी बसलो आणि हलवाहलव सुरू केली. गेलेलं गेलेल्यात, फेकलेलं फेकलेल्यात. शेवटी राहिलं जुनं 'आउटबॉक्स'. आत दहाबारा मेल होते आणि सगळ्यांचा विषय 'माहिती'. आमच्याकडे प्रत्येक मेलचा विषय 'माहिती'च असतो. दुसरं काही लिहिलं की चेअरमनना शंका येते. पूर्वी लाइट जायची, नेट जायचं, मेल मध्येच अडकायचा. मग आम्ही तोच मजकूर ओतूरच्या स्टँडजवळच्या सायबर कॅफेतून पाठवायचो, आणि अडकलेला तिथंच राहायचा. ते हे. मी ते सगळे उचलले आणि नव्या आउटबॉक्समध्ये नेऊन ठेवले. लगेच खाली पट्टी आली: न पाठवलेले मेल आहेत, पाठवायचे का? विचारतोय म्हणजे पाठवायला हवेत, एवढीच माझी अक्कल. मी 'हो' दाबलं आणि समाधानानं चहा मागवला.

इथं थोडं मागचं सांगायला हवं. मोबाईलवरून फोटो जायला लागले नव्हते तेव्हा कम्प्युटर, प्रिंटर आणि मराठी टाइप करणारा माणूस असं सगळं आसपासच्या गावांत एका ठिकाणी फक्त आमच्या ऑफिसात होतं. त्यामुळे पंचक्रोशीतल्या लग्नाच्या पोरापोरींचे बायोडाटा आमच्याकडे व्हायचे. माल घालायला आलेला शेतकरी पावती घेता घेता खिशातून फोटो काढायचा. "भाऊ, एवढं पोरीचं बनवा." मी बनवायचो. समोरचे पाहुणे शिकलेसवरलेले असले तर कंपनीच्या मेलवरून पाठवूनही द्यायचो. कंपनीकडून आलं की स्थळाला वजन येतं, अशी समजूत होती. वर कंपनीचं चिन्ह म्हणून द्राक्षाचा घड, खाली उंची पाच फूट दोन इंच, रंग गव्हाळ. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. लग्नंही जमली.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी बेल्ह्याची एक बाई नवऱ्याचा मोबाईल मुठीत धरून ऑफिसात आली. नवरा टेम्पो चालवतो, दोन पोरांचा बाप आहे.

"भाऊ, माझ्या नवऱ्याला पोरगी बघताय व्हय?"

"मी?"

"राजगुरुनगरहून फोन आला. म्हनं, मुलगा निर्व्यसनी हाय, आमाला पसंत हाय. मंग मी कोन हाय?"

मी शपथेवर सांगितलं की मी काही पाठवलेलं नाही. तिला स्क्रीन फिरवून दाखवली. 'सेंट'मध्ये कालचा एकही मेल नव्हता. "हे बघा, गेलेलं इथं दिसतं. इथं काही आहे का?" बाईनं बघितलं, मीही बघितलं, चेअरमननीही बघितलं आणि बाहेर जाऊन हसून आले. बाई पुटपुटत गेली. मी खरा ठरलो होतो, पण मग राजगुरुनगरला कुणी कळवलं?

दुपारपर्यंत आणखी दोन फोन आले. तेव्हा कुठे मी 'सेंट आयटम्स' उघडलं. हे मी कालच झाडून रिकामं केलं होतं. त्यात ते सगळे मेल ओळीनं बसले होते. आता गेलेलं जुन्या फोल्डरात का जातं आणि नवं फोल्डर मग कशाला आहे, हे मला आजही कुणी समजावून सांगितलेलं नाही. मी एकेक मेल उघडत गेलो आणि प्रत्येकात द्राक्षाचा घड, त्याखाली कुणाचातरी जुना बायोडाटा. शेवटचा उघडला. फोटो माझ्या बहिणीचा होता.

बहीण माझ्याहून बरीच लहान. तिचं लग्न झालं, दोनतीन वर्षांत मोडलं, रीतसर काडीमोड झाली आणि ती घरी परत आली. घरामागे शेडनेट उभारून टोमॅटोची रोपं करते. नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो घालणारे कितीतरी जण तिच्याकडूनच ट्रे नेतात. बाबा गेल्यावर त्यांचा मोबाईल तिनं स्वतःकडे ठेवला, कारण रोपांच्या गिऱ्हाइकांना तोच नंबर पाठ होता. आणि त्या बायोडाट्यात लिहिलं होतं: वय तेवीस, अविवाहित, स्वभाव शांत. जन्मतारीख बाबांनी घालू दिली नव्हती. तारीख दिली की कुणीतरी पत्रिका मांडतं, आपल्याला ते नको, वय लिही, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यात खाली: संपर्क, मुलीचे वडील. पुढे तो नंबर.

मेल गेला होता घोडेगावच्या एका घरी. त्या वेळी ते थोरल्या मुलासाठी बघत होते.

मी मोटरसायकल काढली आणि उन्हं उतरायच्या आत घरी पोचलो. बहीण शेडनेटखाली ट्रेंना झारीनं पाणी देत होती. मला बघून तिनं झारी खाली ठेवली नाही.

"फोन आला व्हता," ती म्हणाली. "घोडेगावहून. बाबांना इचारत व्हते. म्हनले, तेवीस वर्साच्या मुलीची माहिती मिळाली, धाकट्यासाठी बघाय येतो."

"अगं, ते—"

"तू धाडली का?"

"धाडली. म्हणजे मी नाही धाडली. गेली."

"आपसूक गेली?"

"मी फक्त जुन्या आउटबॉक्समधलं नव्यात ठेवलं. ते सिस्टीम फोल्डर होतं. त्यानं विचारलं, पाठवू का? मी हो म्हणालो. मग 'सेंट'मध्ये बघितलं तर नव्हतं, पण 'सेंट आयटम्स'मध्ये..." बोलता बोलता मलाच कळत होतं, की माझ्या जागी दुसरा कुणी हे सांगत असता तर मी त्याला खोटारडा म्हटलं असतं.

तिनं आता झारी ठेवली. "दादा, मी जड झाले असंन तर तोंडानं सांग. त्याच्यासाठी मला परत तेवीस वर्साची कराय नको."

मला राग आला. खरं तर वाईट वाटलं होतं, पण माझं वाईट वाटणं रागाच्याच वाटेनं बाहेर येतं. "मी कशाला असं करीन? डोकं फिरलंय का तुझं?" असं काहीतरी मी ओरडलो. बायको मागच्या दारात येऊन उभी राहिली. बहीण तिच्याकडे न बघता पुढच्या ट्रेकडे गेली.

"त्यांना काय सांगितलंस?" मी विचारलं.

"या म्हनलं. रविवारी येतेत."

आमच्याकडे 'या' म्हटलेल्या माणसाला परत 'नको' म्हणत नाहीत. वैऱ्यालाही नाही. मला काही सुधरेना. फोनवरच सगळं सांगून मोकळं व्हायचं सोडून हिनं त्यांना बोलावलं कशाला? शेडनेटमध्ये उभ्या उभ्या मी विचार केला. त्यानं गोंधळ वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो तर ती मागच्या सीटवर येऊन बसली. "ते काय ते मला दाखव," म्हणाली. ऑफिसात माझ्या खुर्चीवर बसून तिनं फोल्डरांची नावं एकेक करून वाचली. ती बी.ए. आहे, इंग्रजी माझ्याहून बरं.

"हे कॉन्फ्लिक्ट्स कशाचं?"

"माहीत नाही."

"लोकल फेल्युअर्स?"

"माहीत नाही."

"सेंट दोन का?"

"तेच तर मी विचारतोय सगळ्यांना."

"दादा, यातलं तुला कळतंय तरी काय?"

"काही नाही," मी म्हणालो. इतकं खरं मी ऑफिसात बसून कधी बोललो नव्हतो.

ती हसली. काल संध्याकाळपासून पहिल्यांदा. "खोटं बोलनारा मानूस गोष्ट आधी नीट रचतो. तुझी गोष्ट लईच भिकार हाय. तू न्हाई धाडली, पटलं."

मला हायसं वाटलं. तेवढ्यात ती म्हणाली, "पन मनात व्हतं का?"

मी माउस हातात घेतला. एक फोल्डर उघडलं, बंद केलं. मनात काय होतं? बायको आणि मी कधीमधी बोलायचो, तिचं काहीतरी बघायला हवं, जन्म असा कसा जायचा. ते तिच्या काळजीनं बोलायचो, की पोरं मोठी झाल्यावर तिची आतली खोली लागेल म्हणून, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. घरं लहान असतात. हळू बोललेलं जास्त ऐकू जातं. मी माउस हलवत राहिलो. ती उठली आणि एसटीनं घरी गेली.

रविवारी घोडेगावचे पाहुणे आले. मुलाचे वडील, आई आणि एक मध्यस्थ. मुलगा आला नव्हता. बायकोनं पोहे केले. पाणी झालं, रस्त्याची, पावसापाण्याची विचारपूस झाली. बहीण शेडनेटमधून हात धुऊन आली, रोजच्याच ड्रेसवर, आणि समोरच्या खुर्चीत बसली.

"मुलीचे वडील दिसत न्हाईत?" पाहुण्यांनी, म्हणजे मुलाच्या वडिलांनी, विचारलं.

"वडील गेले," बहीणच म्हणाली. "तुमी फोन केला तो नंबर त्यांचा. आता माझ्याकडं असतो."

"मंग फोनवर बोललीस ती तूच? मुलगीबी तूच?"

"मीच. पन त्या कागदातली न्हाई. त्यातली तेवीस वर्साची हाय, तिचं लग्न व्हायचंय. माझं झालं व्हतं, मोडलं. कागद जुना हाय, चुकून आला. तुमाला फोनवर सांगितलं असतं तर तुमी म्हनला असता, फसवाय बघत व्हते. म्हनून म्हनलं, समोर सांगावं."

मध्यस्थानं आणि पाहुण्यांनी पोह्यांच्या बशा खाली ठेवल्या. पाहुणे माझ्याकडे वळले. "भाऊ, धाडला तुमीच ना?"

"मीच. म्हणजे काय झालं, मेलचा सर्व्हर बदलला, तर जुने सिस्टीम फोल्डर..." मी पाचएक वाक्यं बोललो असेन. पाहुण्यांच्या बायकोनं पदरात तोंड लपवून जांभई दिली.

"ते ऱ्हाऊ द्या," पाहुणे म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "आलोच हाये म्हनून इचारतो. पोरीचं पुढं काय ठरवलंय? इथंच ठेवनार, का कुठं बघताय? आमच्या भावकीत एक बिजवर हाय. चांगला हाय."

बायको स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. बहीण पाहुण्यांकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती, ऑफिसात बघत होती तशीच. माझ्या तोंडात एकाच वेळी चार उत्तरं आली: बघू, तिला विचारून सांगतो, घाई नाही, तुमचा बिजवर करतो काय. आणि मग मला त्या 'ठेवनार' शब्दाचा संताप आला. संतापलो की माझी ऑफिसची भाषा राहत नाही.

"ठेवनार म्हंजी? ती काय पेटी हाय का, ठेवाय? घर तिचंबी हाय. तिला वाटलं कुठं जावं तर जाईल, न्हाई वाटलं तर हितंच ऱ्हाईल, मरस्तोवर. मी कुठं बघत न्हाई. कागद गेला ती माझी चूक झाली, पन मी तिला धाडनार न्हाई कुठं."

आवाज फार चढला होता. पोहे थंड झाले. मला वाटलं आता पाहुणे उठतील. पण ते म्हणाले, "बराबर हाय," आणि बशी परत हातात घेतली. जाताना शेडनेट बघायला गेले आणि रोपं आवडली म्हणून दोन ट्रे गाडीत घालून घेऊन गेले.

गाडी वळणाआड गेल्यावर बहीण बैठकीत आली आणि तिनं बाबांचा मोबाईल देवळीत चार्जिंगला लावला. मी अजून तिथंच बसलो होतो. अंगातला राग उतरत होता आणि त्याच्याखाली काय आहे ते मला ओळखू येत नव्हतं.

"फोनवर एका वाक्यात भागलं असतं," मी म्हणालो. "त्यांना इतक्या लांबून कशाला आणलंस?"

"त्यांना सांगायचं व्हतंच. पन तुला इचारायचं व्हतं," ती म्हणाली. "एकट्यात इचारलं, तर तू माउस हालवत बसलास. म्हनलं, चार मानसांत कुनीतरी इचारंलच. चार मानसांत बोललेलं तुला मागं घेता येत न्हाई."

"आणि मी दुसरंच काही बोललो असतो तर?"

"नारायनगावच्या नर्सरीत काम हाय. खोलीबी देतेत." तिनं चार्जरची वायर नीट केली. "पिशवी भरून ठेवली व्हती."

ती ट्रेंना पाणी द्यायला मागे गेली. मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलली असेल. तरी मी उठून आतल्या खोलीचं दार पुढे ओढलं. दाराआड पिशवी होती. वर तिची चादर घडी करून ठेवलेली, आणि चादरीवर बाबांच्या फोनचा जुना, चिकटपट्टी लावलेला दुसरा चार्जर. मी तो उचलला आणि नेऊन देवळीत ठेवला.